ज्या परत आल्या नाहीत

सात वर्षांपूर्वी मी एका सॉफ्टवेअर परिषदेला गेले होते. दोन दिवसांची परिषद, चांगले विषय, चांगले वक्ते. नोंदणीच्या टेबलावरच्या मुलाने विचारलं, "तुम्ही कोणाबरोबर आलात?" मी एकटीच आले होते आणि डेटाबेसच्या कामात मला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. पुढे दिवसभर असंच काहीबाही होत राहिलं. स्टॉलवरचा माणूस माझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी पुरुषाकडे बघून देत होता. मिळालेला टी-शर्ट गुडघ्यापर्यंत येत होता. जेवणाच्या सुट्टीत मी तीन घोळक्यांच्या कडेला उभी राहिले आणि तिन्हीकडून हळूच निघून आले. कोणी वाईट वागलं नाही, तक्रार करावी असं काही घडलं नाही. पुढच्या वर्षी नोंदणीची मेल आली, ती मी उघडली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

मग त्याच परिषदेच्या मुख्य आयोजकांचा फोन आला. पूर्वी आम्ही एका कंपनीत होतो, ते मला बरेच वरिष्ठ. "यंदा समितीत ये," ते म्हणाले. "इतक्या कमी बायका येतात, बरं दिसत नाही आणि बरोबरही नाही. आम्हाला काही सुचत नाहीये." मी विचारलं, "सर, एकदा आलेल्या बायका पुन्हा येतात का?" ते थोडा वेळ गप्प राहिले. हे कोणी कधी तपासलंच नव्हतं.

आधी तेच तपासू, अशी अट घालून मी समितीत गेले. जुन्या नोंदण्या काढल्या. एकदा येऊन पुन्हा न आलेल्या बायकांची यादी इतकी लांब निघाली की बैठकीत कोणी काही बोललं नाही. नव्या बायकांना बोलवायच्या मोहिमा दर वर्षी चालल्या होत्या आणि रांजण खालून गळत होता. त्या यादीत माझंही नाव होतं.

पुढे संपर्क केला तरी चालेल, अशी खूण ज्यांनी नोंदणीत केली होती त्यांनाच आम्ही लिहिलं. अकरा जणी फोनवर बोलायला तयार झाल्या. मी प्रश्नावली केली होती, पण दुसऱ्या फोननंतर ती बाजूला ठेवली. एकच विचारायचं ठरवलं: त्या दोन दिवसांतलं तुम्हाला काय आठवतं?

एक बाई नेटवर्किंगमधली. तिचं भाषण होतं. भाषणाच्या आधी ध्वनियंत्रणेचा माणूस कॉलर माईक लावायला आला. तिच्या कपड्यांना कॉलर नव्हती, पट्टा नव्हता, खिसा नव्हता. ट्रान्समीटरचा डबा अडकवायचा कुठे? तो तिच्या मानेमागे, पाठीशी खटपट करत राहिला, आणि हे सगळं भरलेल्या सभागृहासमोर. "पहिली चार वाक्यं विसरले," ती म्हणाली. "विषय माझ्या हातचा होता. पण त्या दोन मिनिटांनंतर माझा आवाजच लागेना." हे ऐकेपर्यंत माईक ही गोष्ट मी बायकांच्या सोयीच्या यादीत धरलीच नव्हती. त्या वर्षी आम्ही कमरेला बांधायचे इलॅस्टिकचे पट्टे आणले, हातात धरायचा माईक मंचावर कायम ठेवला, आणि प्रत्येक वक्त्याला आठवडाभर आधी कळवलं की माईक कोणता आहे. ज्याला स्वतः लावायचा असेल त्याने पडद्यामागे लावावा. सकाळी सभागृह रिकामं असताना येऊन बोलून बघायची वेळही दिली. पोडियमची उंचीही तेव्हाच बघितली, कारण आमचं पोडियम एवढं उंच होतं की बुटक्या वक्त्याचे नुसते डोळे दिसायचे. ही सोय पुरुषांनीही तितकीच वापरली.

दुसऱ्या एका फोनवर बराच वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "माझा फोटो तुमच्या पानावर आला होता. गावाच्या नावासकट, त्याच दिवशी. मी कुठे आहे हे एका माणसाला कळायला नको होतं." तिने पुढे काही सांगितलं नाही, मी विचारलं नाही. फोटो कोणी काढला, का टाकला, याला कोणाकडेही उत्तर नव्हतं, कारण फोटोबद्दल आमचा काही नियमच नव्हता. या एका फोनमुळे बॅजच्या फितीचे दोन रंग झाले. लाल फीत म्हणजे फोटो नको, मागून काढलेलाही नको. छायाचित्रकारांशी तसा लेखी करार केला. बॅजवर पूर्ण नाव असलंच पाहिजे ही सक्ती काढली. उपस्थितांची यादी प्रायोजकांना देण्याची जुनी पद्धत होती, ती बंद केली. प्रायोजकांपैकी एकाला ते आवडलं नाही, पण त्यावर मी एक पाऊलही मागे घेतलं नाही.

तिसरी, चौथी आणि सातवी एकाच गोष्टीबद्दल बोलल्या: संध्याकाळ. परिषदेचा अधिकृत कार्यक्रम सहाला संपायचा आणि खरी परिषद त्यानंतर सुरू व्हायची. मोठ्या आवाजातलं संगीत, मद्य, रात्री उशिरापर्यंत. कोणाची टीम वाढते आहे, कोणत्या प्रकल्पाला माणूस हवा आहे, पुढच्या वर्षी कोणाला बोलवायचं, हे सगळं तिथे ठरत होतं. ज्यांना घरी जाणं भाग होतं, ज्या पीत नव्हत्या, ज्यांना रात्री अकराला एकटीने परतायचं होतं, त्यांच्यासाठी परिषद निम्म्यावर संपत होती. आम्ही ओळखीपाळखीचा कार्यक्रम दुपारी आणला. त्यासाठी दोन भाषणं कमी करावी लागली. समितीत यावर सर्वांत मोठा वाद झाला, कारण भाषणांची संख्या ही आम्हाला प्रतिष्ठेची वाटत होती. संध्याकाळ ठेवली, पण शांत जागेत, साडेआठपर्यंत. मुक्कामाच्या ठिकाणी सोडणारी गाडीही ठेवली.

घोळक्यांचा प्रश्न मला स्वतःला भोवलेला होता. त्यावर एक साधा उपाय वाचला होता, एरिक होल्शर यांनी मांडलेला 'पॅक-मॅन नियम'. गप्पा मारत उभं राहताना गोल पूर्ण बंद करायचा नाही, एका माणसाला शिरता येईल एवढी फट ठेवायची, पॅक-मॅन या जुन्या व्हिडिओ गेममधल्या गोलाच्या उघड्या तोंडासारखी. कोणी आत आलं की पुन्हा फट करायची. सकाळच्या पहिल्या पाच मिनिटांत मंचावरून हे सांगितलं आणि मार्गिकेत चित्रं लावली. दुपारी जेवताना मी वरच्या मजल्यावरून खाली बघत होते. खरोखर फटी दिसत होत्या. मला तिथेच भरून आलं.

वक्त्यांच्या निवडीला सर्वांत जास्त महिने लागले. 'महिलांनी जरूर प्रस्ताव पाठवावेत' ही ओळ आमच्या आवाहनात दर वर्षी असायची आणि दर वर्षी तेवढेच प्रस्ताव यायचे. ती ओळ कोणालाच उद्देशून नसते. अमेरिकेतल्या पायकॉनचा, म्हणजे पायथन या प्रोग्रामिंग भाषेवरच्या परिषदेचा, अनुभव माझ्यासमोर होता. तिथल्या भाषणांत बायकांचा वाटा २०११ मध्ये १ टक्का होता, २०१२ मध्ये ७, २०१३ मध्ये १५, पुढची दोन वर्षं ३३ आणि २०१६ मध्ये ४० टक्के. हे आकडे जेसिका मॅकेलर यांनी सांगितलेले. तिथे विविधतेची जबाबदारी त्यांच्याकडे होती. पाच वर्षांत एवढा फरक पडला, त्यामागे एकेकीला गाठून प्रस्ताव पाठवायला सांगण्याचं चिकाटीचं काम होतं. युरोपातल्या जेएसकॉन्फ या जावास्क्रिप्ट भाषेवरच्या परिषदेने २०१२ साली दोन गोष्टी जोडीने केल्या होत्या: बायकांना आवर्जून लिहिलं, आणि निवडीच्या पहिल्या फेरीत नावं झाकली. त्यांच्याकडे २५ टक्के वक्त्या झाल्या. या दोन्ही गोष्टी एकत्रच लागतात, असं आता मी स्वतः करून बघितल्यावर म्हणते. नाव झाकल्याने आलेल्या प्रस्तावाला न्याय मिळतो. न आलेल्या प्रस्तावाचं काय?

म्हणून मी पत्रं लिहायला बसले. साचेबंद मजकूर नाही. प्रत्येकीचं काम आधी वाचायचं, तिने कोणत्या मुक्त (ओपन सोर्स) प्रकल्पात काय बदल केले ते बघायचं, आणि मग लिहायचं: तुम्ही हे जे केलंत, त्याबद्दल आमच्याकडे तीस मिनिटं बोलाल का? एका पत्राला एक अख्खी संध्याकाळ जायची. उत्तरं आली ती बरीचशी एकाच सुरातली. "माझ्याकडे सांगण्यासारखं काही विशेष नाही." हे लिहिणारीने एक चालती आर्थिक व्यवस्था, एकही व्यवहार न थांबवता, जुन्या डेटाबेसवरून नव्यावर नेली होती. मी तिला फोन केला आणि म्हटलं, "मला फक्त त्यातली पहिली रात्र कशी गेली ते सांगा." ती पाऊण तास बोलली. शेवटी मी म्हटलं, "हेच तुमचं भाषण." तिने प्रस्ताव पाठवला. पहिल्या फेरीत नाव झाकलेलं असताना त्याला सर्वांत जास्त गुण मिळाले. ते गुण देणाऱ्यांत मी नव्हते, मुद्दाम.

एक गोष्ट मात्र मी ठामपणे टाळली: 'तंत्रज्ञानातल्या महिला' या विषयावरची चर्चा. आपापल्या कामात मुरलेल्या चार बायकांना मंचावर बसवायचं आणि त्यांना कामाबद्दल काहीच न विचारता घर आणि नोकरी कसं सांभाळता ते विचारायचं, हे मी फार वेळा बघितलं आहे. त्याच वेळी शेजारच्या सभागृहात पुरुष वितरित प्रणालींवर बोलत असतात. सुरक्षेवरच्या चर्चेत सुरक्षेत काम करणाऱ्या बायका हव्यात, आणि त्यांनी सुरक्षेवर बोलावं.

भाषणांच्या स्लाइड्स आधी मागवल्या. एका वक्त्याच्या स्लाइडवर प्रतिमा-प्रक्रियेच्या उदाहरणासाठी 'लेना' ही चित्रातली तरुणी होती. पुस्तकांत, प्रबंधांत ती इतकी वर्षं सगळ्यांनी बघितली आहे की ती कुठून आली हे कोणी विचारत नाही. मी त्यांना लिहिलं की ते चित्र नोव्हेंबर १९७२ च्या प्लेबॉय मासिकातल्या छायाचित्राचा वरचा भाग आहे, १९७३ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात ते स्कॅन झालं, आणि आयईईई कॉम्प्युटर सोसायटी या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेने १ एप्रिल २०२४ पासून ते चित्र असलेले शोधनिबंध घेणं बंद केलं आहे. दुसऱ्या दिवशी नवी स्लाइड आली, एका पक्ष्याच्या चित्राची. सोबत दोन ओळी होत्या. वीस वर्षं हे चित्र शिकवत आलो, हे मला माहीत नव्हतं, सांगितल्याबद्दल आभार. सांगितलं तर बरेचजण ऐकतात, हे त्या वर्षी मला पुन्हापुन्हा दिसलं.

प्रश्नोत्तरांबद्दल अकरापैकी सहा जणींनी तक्रार केली होती. हात वर करतो तो प्रश्न न विचारता स्वतःचं भाषण सुरू करतो, आणि वक्ता बाई असेल तर तिलाच तिचा विषय समजावून सांगतो. २०१८ मध्ये प्लॉस वन या नियतकालिकात आलेला एक अभ्यास मी समितीत वाचून दाखवला. १० देशांतल्या ३५ संस्थांमधली जवळजवळ अडीचशे शैक्षणिक व्याख्यानं त्यात तपासली होती. श्रोत्यांत बायका किती हे लक्षात घेऊनही, एखादा प्रश्न पुरुषाकडून येण्याची शक्यता अडीच पट होती. आणि पहिला प्रश्न पुरुषाने विचारला की त्यापुढे बायकांचे प्रश्न आणखी कमी व्हायचे. यावर आम्ही सूत्रसंचालकांना तीन सूचना दिल्या. भाषण संपल्यावर दोन मिनिटं काहीच नाही, शेजाऱ्याशी बोला. मग पहिला माईक शक्यतो बाईकडे किंवा पहिल्यांदा आलेल्याकडे. आणि प्रश्न दोन वाक्यांत आला नाही तर नम्रपणे थांबवा. चिठ्ठीवर प्रश्न लिहून द्यायचीही सोय होती. ती दोन मिनिटं मला सर्वांत मोलाची वाटली. शेजारणीला प्रश्न बोलून दाखवला आणि ती म्हणाली "हे विचार की," तर हात आपोआप वर जातो.

मुलांची सोय मी थोडक्यात सांगते, कारण त्यात वाद नव्हता, फक्त उशीर होऊ द्यायचा नव्हता. पाळणाघर असणार हे तिकीटविक्रीच्या पहिल्या दिवशी जाहीर करावं लागतं. दोन आठवडे आधी कळून उपयोग नाही, तोवर आईने येणं रद्द केलेलं असतं. प्रशिक्षित माणसं नेमली. हिरकणी कक्षासाठी जागेच्या व्यवस्थापकांनी आधी काचेचं दार असलेली सामानाची खोली दाखवली, नंतर स्वच्छतागृहातला कोपरा. आम्ही आतून कडी लागणारी खोली मिळेपर्यंत करारावर सही केली नाही. खुर्ची, पंपासाठी प्लगची जागा, छोटा फ्रीज, एवढं पुरतं. टी-शर्ट दोन मापपद्धतींत छापले. स्वच्छतागृहांत पॅड ठेवले.

आणि आचारसंहिता. "आपल्याकडे असं काही होत नाही," हे वाक्य पहिल्याच बैठकीत आलं. मी म्हटलं, कोणाला सांगायचं हेच ठरलेलं नसेल तर झालं की नाही हे आपल्याला कळणार कसं? व्हॅलरी ऑरोरा आणि मेरी गार्डिनर यांनी २०११ मध्ये अडा इनिशिएटिव्ह ही संस्था काढली आणि २०१५ मध्ये ती थांबली, पण तेवढ्या काळात परिषदांना छळविरोधी धोरण असलंच पाहिजे ही गोष्ट त्यांनी लावून धरली. कोणालाही वापरता येतील असे नमुने तेव्हापासून उपलब्ध आहेत. आम्ही त्यावरूनच आमचा मजकूर केला. काय चालणार नाही, कोणाला सांगायचं, सांगितल्यावर काय होईल, आणि तक्रार आयोजकाविरुद्धच असेल तर कोणाकडे जायचं. फोन क्रमांक प्रत्येक बॅजच्या मागे छापला.

मजकुरापेक्षा मला सरावाचं महत्त्व जास्त वाटतं. परिषदेच्या आधीच्या शनिवारी आम्ही सगळ्या स्वयंसेवकांना बसवलं आणि प्रसंग करून बघितले. एकाने तक्रार करणाऱ्याचं काम करायचं, दुसऱ्याने ऐकणाऱ्याचं. पहिल्या फेरीत जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडून एकच वाक्य निघालं: "त्याच्या मनात तसं नसेल." चांगल्या, सज्जन मुलांच्या तोंडून. ते वाक्य गिळायला आम्हाला अख्खी दुपार लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तक्रार आलीच. एका विद्यार्थिनीने पाण्याच्या जागेजवळच्या स्वयंसेवकाला सांगितलं की एक वक्ता कालपासून तिच्या मागे आहे, नोकरीबद्दल बोलू म्हणतो आणि ती कुठे उतरली आहे ते विचारत राहतो. त्या मुलाने शिकवल्याप्रमाणे केलं. "सांगितलंस ते बरं केलंस," एवढंच म्हणाला आणि तिला शांत खोलीत घेऊन आला. तिथे चूक माझी झाली. मी वही न घेता ऐकायला बसले, आणि नंतर नोंद करण्यासाठी तिला ते सगळं पुन्हा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगताना तिचे हात थरथरत होते. ते मी विसरलेले नाही. आता त्या खोलीत आधीपासून वही-पेन असतं आणि दोघी असतात, एक ऐकणारी, एक लिहिणारी.

तुला काय हवं आहे, असं तिला विचारलं. तिला भाषणं ऐकायची होती, तो समोर यायला नको होता, आणि तिचं नाव कोणाला कळायला नको होतं. सरांनी आणि मी त्या माणसाला बाजूला घेतलं. तो मोठ्या प्रायोजक कंपनीचा होता. त्याने आधी हसण्यावारी नेलं, मग रागावला. सर म्हणाले, "तुमचा बॅज द्या." पुढे ते काहीच बोलले नाहीत, फक्त हात पुढे करून उभे राहिले. त्याने बॅज दिला आणि तो गेला. पुढच्या वर्षी त्या कंपनीने प्रायोजकत्व दिलं नाही. त्याचा खड्डा भरायला आम्हाला चार महिने लागले.

त्या अकरापैकी पाच जणी परत आल्या. लाल फितीचीही आली होती. उरलेल्या सहा जणींना मी परिषद संपल्यावर पुन्हा फोन केले. दोघींनी क्षेत्रच सोडलं होतं. एकीने फोन घेतला नाही.

यंदाच्या नोंदणीत त्या विद्यार्थिनीचं नाव दिसलं नाही, म्हणून गेल्या आठवड्यात तिलाही केला. ती मोकळेपणाने बोलली, दुपारच्या कार्यक्रमात भेटलेल्या एकीमुळे तिला पहिली नोकरी लागली होती. यायचं का, ते अजून ठरवलं नाही म्हणाली. मग जरा थांबून तिने विचारलं, "त्याच्या भाषणाचा व्हिडिओ अजून तुमच्या पानावर पहिला का दिसतो?"

भाषण पहिल्या दिवशीचं होतं, तक्रार दुसऱ्या दिवशीची, आणि व्हिडिओ चढवणाऱ्या चमूला कोणी सांगितलंच नव्हतं. तो त्याच रात्री काढला आणि तिला तसं कळवलं. तिचं उत्तर अजून आलेलं नाही.